दारातला ओळंबा

पहिला दगड टाकीवाल्या मावशीने मारला. गल्लीतल्या पाण्याच्या टाकीशेजारी राहणारी, लहानपणी मला ताप आला की मांडीवर घेऊन बसणारी बाई ती. भुवई फुटली आणि डोळ्यात रक्त गेलं, त्यामुळे पुढचे दगड कुणाचे ते दिसलं नाही. एक पाठीत बसला. एकाने माझं मोजणीचं यंत्र तिवईसकट आडवं पाडलं. मला दुखण्यापेक्षा राग जास्त आला. मी हाताला लागला तो दगड उचलून परत भिरकावला, तर तो मावशीच्या दारातल्या बादलीवर वाजला. माझा नेम कधीच धड नव्हता, आणि गल्लीची माझ्याबद्दल तक्रारही नेमकी तीच होती.

आमच्या खाणीत माल खणत नाहीत, पाडतात. खोल खाली खडकाला आडवी खाच घालून त्याचा आधार काढून घ्यायचा, म्हणजे वरचा खडक आपल्याच वजनाने फुटून खाली येतो. तो खालच्या तोंडांमधून उपसायचा. उपसाल तसतसा वरचा फुटत जातो, आणि फुटत फुटत ती फूट एक दिवस जमिनीपर्यंत पोचते. मग जमीन बसते. कुठे बसेल, किती बसेल आणि कधी बसेल, हे आधी सांगणं माझं काम. खडकातल्या भेगा, उपशाचा वेग, फूट कुठल्या कोनात वर चढेल, हे सगळं संगणकात घालायचं आणि नकाशावर एक रेघ ओढायची. रेघेच्या आत कुणी राहायचं नाही. ही रेघ मी ज्या गल्लीत वाढले तिच्यावरून गेली, आणि आमचं घर तिच्या आत पडलं. मी रेघ पुन्हा ओढून पाहिली. ती पुन्हा तिथेच आली.

हिवाळ्यात भेगा दिसतील, मग जमीन हळूहळू खचत जाईल, असं मी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. कंपनीने पलीकडे चाळी बांधल्या, लोक शिव्या घालत तिकडे गेले. हिवाळा आला आणि गेला. उन्हाळाही गेला. भेग सोडा, एखाद्या भिंतीचा पोपडासुद्धा पडला नाही. लोकांना राहत्या घरातून उठवलं आणि जमीन केसभर हलली नाही, यापेक्षा वाईट तोंडावर पडणं माझ्या धंद्यात नसतं.

त्यात आमचे आबा. आबा गवंडी, आणि गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. त्यांनी चाळीत जायचं नावच काढलं नाही. उलट दाराच्या चौकटीला वरून ओळंबा टांगला, आणि खाली उंबऱ्याच्या दगडावर, ओळंब्याच्या टोकाखाली, खिळ्याने फुली कोरली. "जमीन हलली तर हा फुली सोडेल," ते म्हणाले. "नाही सोडली तर माझी पोरगी खोटी." रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ते वाकून फुली बघत. ही बातमी चाळीत पोचली. एकेक जण येऊन आपल्या बंद घराच्या चौकटीला ओळंबा बांधून गेला. काही दिवसांनी लोक ओळंबा बघायला येत, मग चहा करायला थांबत, मग झोपायला. बघता बघता गल्ली पुन्हा भरली. प्रत्येक दारात एक दोरी, दोरीला लोखंडी भोवरा, आणि तो आपल्या फुलीवर ढिम्म उभा.

भिंतींवर बसवलेले माझे काचेचे लोलकही तेच सांगत होते. दूरच्या खांबावरून किरण सोडून मी त्यांची जागा रोज मोजायचे, आणि जागा रोज तीच यायची. गल्लीला त्याचा आनंद होता. मला मात्र घास उतरत नव्हता. कारण खालून उपसा थांबला नव्हता. गाड्या भरभरून खडक बाहेर येत होता. वरचा खडक खाली येत नाही आणि खालचा तर जातोय, मग मधे काय उरलं असेल, हे समजायला संगणक लागत नाही.

ज्या दिवशी दगड पडले, त्या दिवशी मी तेच बघायला गेले होते. गल्लीच्या तोंडाशी, आमच्या अंगणाला लागून, आमचं एक खोल बोअर आहे. ते खाली खाणीच्या पोकळीत उघडतं. त्यात तारेला वजन बांधून सोडायचं. बोअर संपलं की थोडीशी मोकळी जागा, मग फुटलेल्या खडकाचा ढीग. वजन ढिगावर टेकलं की तार सैल पडते. आम्ही दर महिन्याला हे करतो, पण लोकांनी आमची गाडी आत येऊ देणं बंद केल्यापासून ते राहून गेलं होतं.

दगड थांबले ते आबा बाहेर आले म्हणून. त्यांच्या हातात थापी होती, गिलावा ठोकायची, सागवानी. "माझ्या दारात माझ्या पोरीला मारायचं असेल तर मी मारीन," ते म्हणाले. "तुम्ही नाही." लोक मागे झाले. आबांनी माझ्या कपाळावर फडकं दाबलं, ते इतकं जोरात की मी कळवळले.

"काम उरक आणि नीघ," ते म्हणाले. पण स्वतः गेले नाहीत. गवंड्याला दोरी आणि वजन दिसलं की त्याचे पाय तिथेच रुततात.

मी वजन सोडलं. रीळ फिरत राहिलं. बोअरची लांबी संपली त्या खुणेचा लाल रंग माझ्या हातातून गेला. मग ढिगाची जागा गेली. तार अजून ताठच होती. मी रीळ सोडत राहिले, सोडत राहिले, आणि शेवटी रिळावरची तार संपली, गाठ कडीला अडकली. वजन खाली कुठेतरी हवेत लोंबकळत होतं.

"आबा, हात लावून बघा," मी म्हणाले.

त्यांनी दोन बोटांत तार धरली. डोळे मिटले. कितीतरी वेळ धरून ठेवली.

"टेकलं नाही," ते म्हणाले.

"टेकायला खाली काही नाही. खडकाची कमान झालीय. तिच्या खाली सगळं रिकामं आहे आणि तिच्या डोक्यावर आपण उभे आहोत."

मी हा शब्द वापरायला नको होता. आबांचा चेहरा उजळला. "कमान ना?" ते म्हणाले. "मग झालं तर. आयुष्यभर कमानी बांधल्या मी. बाकी सगळं पडतं, कमान पडत नाही. वरून भार येईल तितकी ती आवळत जाते."

"कमानीला दोन पाय लागतात. तुमच्या कमानीचे पाय कुणी रोज कुरतडत नाही. आम्ही कुरतडतो. आणि ही हळूहळू नाही बसायची आता, आबा. ही एकदम जाईल. तुमचा ओळंबा शेवटच्या क्षणापर्यंत फुलीवरच असेल."

"म्हणजे हलला तरी तू खरी, नाही हलला तरी तूच खरी," आबा म्हणाले. मागे लोक हसले. आबांनी तार सोडली आणि घरात गेले.

त्या हसण्याने माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती उतरली नाही ते बरंच झालं.

मी तशीच रक्ताळलेल्या कपाळाने साहेबांच्या खोलीत गेले. साहेब खाणीचे मुख्य. त्यांनी तारेचा आकडा ऐकला आणि फोन उचलून खालची पूर्ण पाळी वर काढायला सांगितलं. एवढ्या मोठ्या पोकळीत खडक एकदम आला तर तिथली हवा बोगद्यांमधून अशी सुटते की माणूस भिंतीवर आपटून चपटा होतो, हे त्यांनी दुसऱ्या एका खाणीत पाहिलं होतं. गल्लीचं काय, असं मी विचारलं. पोलीस आणून उठवू, ते म्हणाले. पण त्याला वरून हुकूम लागतो, आणि हुकुमाला वेळ लागतो. कधी पडेल सांगू शकता का, त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, आत्ता किंवा महिन्याने. यावर कोण हुकूम काढणार होतं?

बाहेर आवारात माझा धाकटा भाऊ पोकलेनवर बसला होता. त्याला सगळे बारक्या म्हणतात, दारातून वाकून यावं लागतं इतका उंच आहे तरी. गेल्या महिन्यात भिंतींवरचे माझे दोन लोलक हातोडीने फोडणारा हाच. मी त्याला खाली बोलावलं आणि काय करायचं ते सांगितलं.

त्याने माझ्या थोबाडीत मारली. मी डोक्यावरची टोपी काढून त्याच्या तोंडावर हाणली, ती कडक टोपी, आणि त्याच्या ओठातून रक्त आलं. आम्ही दोघं त्या मातीत लहानपणीसारखे झोंबलो, फक्त आता कुणी सोडवायला येणार नव्हतं. त्याने माझे केस धरले होते आणि मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला होता, तेव्हा खाणीच्या तोंडातून पाळी बाहेर येऊ लागली. अर्ध्या कामातून, गाड्या तिथेच टाकून, माणसं पळत येत होती. बारक्याने माझे केस सोडले.

"साहेबांनी माल थांबवला?" त्याने विचारलं.

"थांबवला."

तो रक्त थुंकला. साहेब कुणाच्या मयतीलाही माल थांबवत नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. "ताई, आबा मला जिवंत ठेवणार नाहीत," तो म्हणाला, आणि पोकलेनवर चढला.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा आबा उंबऱ्यात बसलेले, ओळंबा त्यांच्या डोक्यापाशी. मशीन बघून त्यांना क्षणात सगळं कळलं. ते उठले नाहीत.

"घाल माझ्या अंगावरून," ते बारक्याला म्हणाले.

बारक्याने मशीन थांबवलं. लोक जमले. मी आबांजवळ गेले आणि म्हणाले, "उठा." ते उठले नाहीत. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. माझा बाप अजूनही सिमेंटची गोणी एकटा उचलतो. त्यांनी एका हिसक्यात मला भिंतीवर आपटलं, आणि मी पुन्हा आले तेव्हा थापी चालवली. ती माझ्या डाव्या खांद्याजवळ बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. हात खाली लोंबला. त्यांनी थापी पुन्हा उचलली. तेव्हा मी उजव्या हाताने त्यांचं मनगट धरलं, उंबऱ्याच्या दगडावर टेकवलं आणि त्यावर माझं सगळं वजन टाकलं.

मुद्दाम टाकलं. ज्या हाताने त्यांनी गल्ली बांधली, आम्हाला भरवलं, तो मी मोडला, आणि तो मोडेपर्यंत दाबत राहिले. आबा ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला त्या नजरेपेक्षा आणखी एक थापी परवडली असती. मग मी त्यांना कॉलर धरून रस्त्यावर ओढत आणलं आणि बारक्याला हात केला.

त्याने मागून सुरुवात केली. स्वयंपाकघराचं छप्पर एका फटक्यात गेलं, पण भिंत जाईना. बकेट आपटायचं, चुना उडायचा, भिंत उभीच. आबांनी ती बांधताना एकेक दगड दहादा फिरवून बसवला होता. बारक्या रडत होता आणि आपटत होता. पाचसहा वेळा असं झाल्यावर रस्त्यावर बसलेल्या आबांना राहवेना. मोडलेलं मनगट मांडीवर धरून ते खेकसले, "अरे गाढवा, मधे काय मारतोस? कोपरा धर. कोपऱ्यातून घे तिला."

बारक्याने कोपऱ्यातून घेतलं. भिंत आडवी झाली.

एकेक खोली गेली. शेवटी दाराची चौकट तेवढी उभी राहिली, दोन्ही बाजूंना हातभर भिंत आणि मधे तो ओळंबा, धुळीने पांढरा झालेला, गरगर फिरत. बारक्याने इंजिन बंद केलं. "हे नाही पाडत," तो म्हणाला. मीही नाही म्हणाले.

टाकीवाली मावशी माझ्याजवळ आली. मला वाटलं आता ही दुसरी भुवई फोडणार. तिने माझ्या लोंबत्या हाताकडे बघितलं, मग आबांच्या मनगटाकडे, मग त्या ढिगाकडे. "बापाचं घर पाडलंस," ती म्हणाली. "बापाचा हात मोडलास. किडे पडतील तुला." मग ती आपल्या दारात गेली, ओळंब्याची दोरी दातांनी तोडली आणि घरातली भांडी गोणीत भरायला लागली. माझ्या रेघा, माझे लोलक, माझी तार, यातलं काहीही तिला पटलं नव्हतं. पण कुठलीही मुलगी उगाच एवढं करणार नाही, हे तिला पटलं होतं. तिचं बघून शेजारची निघाली. दिवस मावळायच्या आत गल्ली रिकामी झाली. जाताना बहुतेक जण माझ्या पायाशी थुंकले. मी मोजत नव्हते. मी फक्त घरं मोजत होते, आणि शेवटचं दार बंद झाल्यावर मोजणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाळीच्या अंगणात होतो. आबांचा हात प्लास्टरमधे, माझा गळ्यात. ते माझ्याकडे पाठ करून बसले होते. आधी शिटीसारखा आवाज आला, गल्लीच्या बाजूने. ते आमचं बोअर होतं. खालची हवा दाबली जाऊन त्यातून बाहेर पडत होती. मग त्यातून धुळीचा खांब टाकीपेक्षा उंच गेला. आणि मग जमीन गेली.

खचली नाही, गेली. पाण्याची टाकी आपल्या चारी पायांवर उभी राहूनच खाली उतरली. मावशीचं घर मधोमध चिरलं, आतला निळा रंग दिसला, मग तेही दिसेनासं झालं. रस्ता एखाद्या सतरंजीसारखा ओढला गेला आणि त्यावरची घरं एकमेकांवर आपटत खाली गेली. खालून जो आवाज येत होता त्याने चाळीच्या काचा फुटल्या, माणसं जमिनीला धरून बसली. मावशी तोंडाने काहीतरी म्हणत होती, ते ऐकू येत नव्हतं. धूळ बसायला दुपार झाली.

धूळ बसली तेव्हा सगळ्यांनी बघितलं. गल्लीच्या जागी खड्डा होता, तळ न दिसणारा. आणि त्या खड्ड्याची कड आमच्या अंगणात येऊन थांबली होती. बोअर गेलं होतं, अंगणाचा निम्मा भाग गेला होता. आमच्या घराचा ढिगारा जिथल्या तिथे होता, आणि त्याच्यापुढे ती चौकट उभी होती. माझी रेघ आमच्या घराच्या बरीच मागून जात होती. बाकी सगळं पडलं, एक आमचंच घर पडलं नसतं. कुणीतरी मागे म्हणालं, "बाईने स्वतःचंच तेवढं फुकट पाडलं." कुणी हसलं नाही, पण मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

आबा उठले आणि चालायला लागले. पहारेकऱ्यांनी दोरी बांधली होती, तिच्याखालून वाकून गेले. मी ओरडले, मग मागे धावले. कडेला उभं राहणं म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं, तरी गेले.

ते चौकटीपाशी थांबले. धुळीत ओळंबा दोरीसकट खाली पडला होता. त्यांनी डाव्या हाताने उचलला, चौकटीच्या खिळ्यावर दोरी अडकवायचा प्रयत्न केला. एका हाताने गाठ बसेना. दोनदा सुटली.

"धर," ते म्हणाले. घर पाडल्यापासून माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

मी उजव्या हाताने दोरी खिळ्याशी धरली, त्यांनी डाव्या हाताने गाठ मारली. दोघांत मिळून आमचे दोनच हात चालत होते. त्यांनी भोवरा तळहातात धरून स्थिर केला आणि सोडला. मग नेहमीसारखे वाकले. उंबऱ्याच्या दगडावर फुली तशीच होती.

"माझं घर पडलं नसतं," ते म्हणाले.

"नसतं पडलं, आबा."

"सरळ आहे बघ."

मी वाकले. टोक फुलीवर नव्हतं. खड्ड्याच्या बाजूला गेलं होतं. खोटं बोलावंसं फार वाटलं. या माणसाकडून मी कालपासून सगळं काढून घेतलं होतं, एवढं तरी राहू द्यायला काय हरकत होती. पण माझं तोंड मला आवरत नाही.

"बोटभर गेलाय," मी म्हणाले.

"दिसतंय मला," आबा म्हणाले. "हात मोडलायस तू माझा, डोळे नाही फोडलेस."

ते तसेच वाकून बघत राहिले. भोवऱ्याचं टोक फुलीपासून अजून थोडं, अगदी थोडं, सरकलं. आबांनी ते माझ्या आधी पाहिलं. ते ताठ उभे झाले, डाव्या हाताने माझी मागची कॉलर धरली, मी त्यांची धरली होती तशीच, आणि मला ओढलं.

"मागे हो," ते म्हणाले.